पहिलं सर्व्हिसिंग होऊ दे

नव्या गाडीच्या सीटवरचं प्लॅस्टिक शोरूममधल्या विक्रेत्याने सवयीने ओढायला घेतलं आणि जपूनराव असे काही ओरडले, की पलीकडच्या टेबलावर सही करत असलेल्या गिऱ्हाइकाचं पेन थांबलं. त्याला वाटलं, कागदातच काही घोटाळा आहे.

"राहू द्या! राहू द्या ते!"

"सर, हे काढायचंच असतं," विक्रेता म्हणाला.

"काढू ना. मी कुठे नाही म्हणतोय? पहिलं सर्व्हिसिंग होऊ दे."

जपूनराव हे नाव त्यांना आईवडिलांनी ठेवलेलं नव्हतं, सोसायटीने ठेवलं होतं, आणि त्यांना त्याचा पत्ता नाही अशी सोसायटीची समजूत होती. कोणी जिना उतरत असो, काचेचा ग्लास उचलत असो की मुलीसाठी स्थळ बघत असो, यांच्या तोंडून पहिला शब्द निघायचा तो "जपून!" पाणीपुरवठा खात्याच्या गोदामात ते स्टोअरकीपर होते. नवे नळ, नवे व्हॉल्व्ह, वॉशरच्या पेट्या, सगळं त्यांच्या ताब्यात. सामान घ्यायला आलेल्या फिटरला ते विचारत, "जुनं अजून थोडं चालणार नाही का?" पितळी व्हॉल्व्हची एक खेप तर त्यांनी इतका जीव लावून सांभाळली, की ती बाहेर काढायची वेळ आली तेव्हा शहरात त्या मापाचा पाइपच शिल्लक नव्हता. व्हॉल्व्ह मात्र अजून लखलखीत आहेत. पाइप बदलणाऱ्यांवर जपूनरावांचा राग आहे तो तेव्हापासून.

घरातही हीच तऱ्हा. सोफ्याला खोळ, खोळीवर चादर. मूळ सोफा कुठल्या रंगाचा, याबद्दल नवराबायकोत मतभेद होते. बायको हिरवा म्हणायची, ते निळा म्हणायचे, आणि खोळ काढून बघावं असं दोघांपैकी एकालाही सुचलं नव्हतं. टीव्हीचा रिमोट प्लॅस्टिकच्या पिशवीत असल्यामुळे त्यावरचे आकडे दिसत नसत. आवाज कमी करायला गेलं की बातम्यांच्या जागी कुस्ती लागायची.

अशा घरात गाडी आली. तिचे नियम तिच्या आधी आले होते. गाडीत काही खायचं नाही. काच खाली करायची नाही, धूळ येते. एसी लावायचा नाही, इंजिन अजून कोवळं आहे. डिकी उगाच उघडायची नाही, बिजागऱ्या सैल होतात. चाळीसच्या वर काटा न्यायचा नाही. आणि शहराबाहेर जायचं तर नावच काढायचं नाही. हे सगळं किती दिवस? तर पहिलं सर्व्हिसिंग होईपर्यंत. आणि पहिलं सर्व्हिसिंग कधी? एक महिना किंवा हजार किलोमीटर, यातलं जे आधी होईल तेव्हा. हे वाक्य विक्रेत्याने त्यांना तीन वेळा सांगितलं होतं, कारण त्यांनी ते चार वेळा विचारलं होतं.

बायकोचं म्हणणं एवढंच होतं, आणि ते तिने गाडी बुक करतानाच सांगून ठेवलं होतं. "पहिल्यांदा ताईकडे जायचं."

ताई म्हणजे तिची थोरली बहीण. आई लवकर गेल्यावर हिच्या वेण्या घालणारी, हिला शाळेत सोडणारी, हिच्या तापात उशाशी बसून राहणारी ती ताईच. आता शंभरेक किलोमीटरवरच्या गावात एकटी राहत होती. मध्यंतरी बाथरूममध्ये पाय घसरला, प्लॅस्टर घातलं, प्लॅस्टर निघालं, पण एकटीने जिना उतरायला डॉक्टरांनी बंदी केली होती. बायको बसने जायला निघाली होती, तर ताईनेच मोडता घातला.

"बसचे धक्के खाऊ नकोस. तुझी कंबर आधीच तोळामासा. गाडी घेतलीय ना? मग गाडीने ये. मलाही जरा फिरव. खिडकीशिवाय जग बघितलं नाही गं मी इतक्या दिवसांत. रंग कुठला घेतलात?"

"राखाडी."

झालं. त्या दिवसापासून ताई खिडकीत बसून राखाडी गाड्या बघायला लागली. आता, रस्त्यावरून जाणाऱ्या निम्म्या गाड्या राखाडी असतात, हे रंग ठरवताना कोणाच्या लक्षात आलं नव्हतं. ताईचा फोन रोज यायचा. "आत्ता एक राखाडी गाडी गेली. तुम्ही नव्हता ना?"

"नाही गं ताई."

"मला वाटलंच. पुढे कोणीतरी टकल्या बसला होता."

फोन ठेवून बायको नवऱ्याकडे बघायची. नवरा मान वर न करता म्हणायचा, "पहिलं सर्व्हिसिंग होऊ दे. दुसऱ्या दिवशी निघू."

खरी गोष्ट अशी होती, की जपूनरावांना हायवेची भीती वाटत होती. ड्रायव्हिंग स्कूलच्या मास्तरांनी त्यांना शहरातल्या चार रस्त्यांवर शिकवलं होतं, तेही शेजारी बसून, स्वतःच्या पायाखाली वेगळा ब्रेक ठेवून. हायवेवर ट्रक असतात, ट्रकना हॉर्न असतात, आणि शेजारी मास्तर नसतात. ही भीती त्यांनी कोणाला सांगितली नव्हती. बायकोला ती न सांगताच कळली होती आणि तिनेही तसं सांगितलं नव्हतं.

सर्व्हिसिंगबद्दल सोसायटीत एकमत होणं शक्य नव्हतं. सोसायटीच्या सेक्रेटरींकडे सायकल होती, त्यामुळे मोटारीबद्दलची त्यांची मतं अगदी पक्की होती. "पाचशेला करून टाका," ते म्हणाले. "गाडी बोलत नाही. तिला काय होतंय ते आपणच ओळखायचं असतं."

दुसऱ्या मजल्यावरच्या वकिलांनी लगेच हरकत घेतली. "अजिबात नाही. पूर्ण हजार होऊ द्या. आधीच गेलात तर ते म्हणणार, सगळं ठीक आहे. तुम्ही सही करणार. म्हणजे ठीक आहे हे तुम्हीच मान्य केलंत. उद्या दोष निघाला तर बोलायला तोंड राहील का? आधी दोष वर येऊ द्या."

"आणि नाहीच आला वर तर?" जपूनरावांनी विचारलं.

"येतो," वकील शांतपणे म्हणाले. त्यांचा या गोष्टीवर विश्वास होता, पोटापाण्याचा धंदाच होता तो.

जपूनरावांना वकिलांचा सल्ला जास्त पटला, कारण त्यात तूर्त काहीच करायचं नव्हतं. दर रविवारी ते गाडीवरचं कव्हर काढत, फडक्याने पुसत, इंजिन चालू करत, गेटपर्यंत नेत आणि परत आणत. वॉचमन पहिल्या रविवारी सलाम करून गेट उघडायचा. तिसऱ्या रविवारी त्याने खुर्चीतून उठायचं सोडून दिलं. महिना संपत आला तेव्हा मीटरवर चाळीस किलोमीटर झाले होते, आणि त्यातले बरेचसे शोरूम ते घर या प्रवासाचे होते.

फोन आला तो नेमका नको त्या वेळी. संध्याकाळी पार्किंगमध्ये जपूनराव कव्हरच्या दोऱ्या बांधत होते. सेक्रेटरी एका बाजूला, वकील दुसऱ्या बाजूला, दोघंही दोरी कशी बांधावी हे सांगत होते. बायको भाजीची पिशवी घेऊन नुकतीच आत आली होती.

"नमस्कार सर, सर्व्हिस सेंटरमधून बोलतेय. आपल्या गाडीचं पहिलं फ्री सर्व्हिसिंग जवळ आलंय. किती किलोमीटर झाले सर?"

मुलीचा आवाज गोड होता आणि फोनचा आवाज मोठा होता. सेक्रेटरी आणि वकील दोघंही ऐकायला थांबले. आता अशा वेळी चाळीस म्हणायचं कसं? ऐन कर्त्या वयातला माणूस, नवी कोरी गाडी दारात, आणि महिन्याभरात चाळीस किलोमीटर! एवढं तर सेक्रेटरी सायकलवर करत असतील. जपूनरावांनी एकदा गाडीकडे पाहिलं, एकदा वकिलांकडे पाहिलं.

"आठशे," ते म्हणाले.

"वा, छान सर!" मुलगी म्हणाली. गाडीच्या बाबतीत त्यांना कोणी छान म्हणण्याची ही पहिलीच वेळ होती. "मग या शनिवारी सकाळी घेऊ या?"

"घेऊ या."

"आठशे?" सेक्रेटरींनी विचारलं.

"जाणं-येणं असतं," जपूनराव पुटपुटले आणि कव्हरच्या दोरीला नको तेवढी गाठ मारून जिना चढू लागले. मागून भाजीची पिशवी चढत होती.

"आठशे?" पहिल्या मजल्यावर बायकोने विचारलं.

"तोंडातून गेलं."

"मग आता?"

"आता करायचे आठशे. मी काय स्टॉक एक आणि सांगितला एक, असा माणूस आहे का? आयुष्यात कधी एक वॉशर कमी पडू दिला नाही."

"अहो, मग ताईकडेच जाऊ ना. दोनशे तर तिथेच होतील."

"शहराबाहेर नाही. पहिलं सर्व्हिसिंग होऊ दे."

बायको काही बोलली नाही. पण त्या संध्याकाळी स्वयंपाकघरातली भांडी बराच वेळ बोलत होती.

दुसऱ्या दिवसापासून जपूनराव किलोमीटर करायला लागले. ऑफिसच्या आधी आणि ऑफिसनंतर, शहराभोवतीच्या रस्त्याने गोल गोल, काटा चाळीसवर, काचा बंद, एसी बंद. घाम सीटवरच्या प्लॅस्टिकवर जमायचा आणि वळणावर जपूनराव पलीकडच्या दारापर्यंत घसरून परत यायचे. तिसऱ्या दिवशी चौकातल्या ट्रॅफिक हवालदाराने हात दाखवून गाडी बाजूला घ्यायला लावली.

"कोणाला शोधताय?"

"कोणाला नाही."

"मग सकाळपासून पाचव्यांदा जाताय इथून."

"किलोमीटर करतोय."

हवालदाराने काच खाली करायला सांगितली. जपूनरावांनी नाइलाजाने नियम मोडून चार बोटं खाली केली. हवालदाराने फटीतून श्वासाचा वास घेतला, मागची सीट बघितली, प्लॅस्टिक बघितलं आणि आवाज एकदम मऊ केला. "साहेब, घरी सगळं ठीक आहे ना?"

एवढा अपमान त्यांचा खात्याच्या ऑडिटमध्येही झाला नव्हता. पण किलोमीटर होत होते, म्हणून त्यांनी तो गिळला.

गाडी रोज बाहेर पडते म्हटल्यावर सोसायटी थोडीच गप्प बसते. सेक्रेटरींची दाढ दुखत होती. "तुम्ही निघालाच आहात तर मला कोपऱ्यावरच्या दंतवैद्याकडे सोडता का?"

"कोपऱ्यावरचा?" जपूनराव म्हणाले. कोपरा म्हणजे जेमतेम अर्धा किलोमीटर. "त्याच्याकडे कशाला जाताय? शहराच्या पलीकडच्या टोकाला एक आहे. हात फार हलका आहे म्हणतात. चला, मी नेतो, थांबतो, परत आणतो."

एवढी माया सेक्रेटरींना घरीही कोणी दाखवली नव्हती. ते भारावून गेले. पलीकडच्या टोकाच्या दंतवैद्याने त्यांची दाढ काढून टाकली, जी कोपऱ्यावरच्याने बहुधा वाचवली असती. पुढचे दोन दिवस सेक्रेटरी गालाला रुमाल लावून गप्प होते आणि सोसायटीत कमालीची शांतता नांदली.

मग वकील कोर्टात जाऊ लागले, तेही लांबच्या रस्त्याने, "सिग्नल कमी लागतात" म्हणून. वकिलांच्या सासूबाईंना त्यांच्या मैत्रिणीकडे सोडून झालं. मैत्रीण घरात नव्हती, याचा जपूनरावांना आनंदच झाला, कारण मग दुसऱ्या मैत्रिणीकडे जावं लागलं. सासूबाई उतरल्या तेव्हा पाठीला चिकटलेला प्लॅस्टिकचा तुकडा त्यांच्याबरोबर गेला, तर जपूनराव तो परत मागायला जिना चढून गेले. आठवड्याच्या शेवटी शेवटी तर ते खाली उतरायच्या आधीच पार्किंगमध्ये दोन-तीन माणसं पिशव्या घेऊन उभी असायची.

थोडक्यात, सगळी सोसायटी त्या गाडीत बसून आली. बायको तेवढी राहिली.

"चल ना, एक चक्कर मारू," एकदा ते म्हणाले.

"मला चक्कर नकोय," ती म्हणाली. "मला ताईकडे जायचंय. आज फोनवर म्हणत होती, राखाडी गाड्या मोजायचं सोडून दिलंय. म्हणाली, तुम्ही काही येत नाही आता."

हे जपूनरावांना लागलं. आपण या बाईला उगाच थांबवतोय हे त्यांना कळत होतं. पण हायवे डोळ्यांसमोर आला की ट्रकचे हॉर्न ऐकू यायचे, आणि तोंडातून तेच वाक्य बाहेर पडायचं. "शनिवारी सर्व्हिसिंग होतंय ना. रविवारी नक्की."

"हं," बायको म्हणाली. त्या एका अक्षरात तिचा त्या रविवारावर काडीचाही विश्वास नव्हता.

शनिवारी मीटरवर सातशेच्या थोडे पुढे किलोमीटर झाले होते. हायवेचं तोंडही न बघता शहरातल्या शहरात एवढं अंतर कापणारा माणूस जगात दुसरा नसेल. जपूनरावांनी मनाची समजूत घातली, की सातशे म्हणजे आठशेच्या आसपासच की. निघताना बायकोही पर्स घेऊन खाली उतरली.

"तू कशाला?"

"बघते ना तुमचं सर्व्हिसिंग. इतकं ऐकलंय त्याच्याबद्दल."

सर्व्हिस सेंटर काचेचं होतं. वाट बघणाऱ्यांसाठी गुबगुबीत सोफे होते आणि त्यांना खोळी नव्हत्या, हे जपूनरावांनी आत शिरताच टिपलं. काउंटरवर कानाला माइक लावलेली मुलगी बसली होती. आवाजावरून त्यांनी तिला लगेच ओळखलं. तिने हसून नंबर घेतला, मीटरचा आकडा विचारला, तो टाइप केला, आणि कॉम्प्युटर टूं करून तांबडा झाला.

"सर, घेत नाहीये."

"पुन्हा टाका. जपून टाका."

तिने पुन्हा टाकला. पुन्हा टूं. आतून मॅनेजर आला. त्याने पडदा बघितला, जपूनरावांना बघितलं, परत पडदा बघितला.

"सर, मागच्या आठवड्यात आठशेची नोंद आहे. आज सातशे दहा. गाडी मागे कशी जाईल? मीटरला कोणी हात लावलाय का?"

सोफ्यांवरच्या सगळ्या माना एकदम वर झाल्या.

"हात? मी प्लॅस्टिकसुद्धा काढलं नाही हो!"

"मीटरमध्ये फेरफार असेल तर वॉरंटी जाते सर, म्हणून विचारलं." मग मॅनेजर मुलीकडे वळला. "की तूच चुकीचं टाकलंस? नीट ऐकत जा म्हणून किती वेळा सांगितलंय?"

"नाही सर, आठशेच म्हणाले होते," मुलगी म्हणाली. तिचं हसू गेलं होतं.

आता खरं तर जपूनरावांनी बोलायचं होतं. पण त्याच क्षणी त्यांना कोपऱ्यातलं कॉफीचं मशीन फार बघण्यासारखं वाटू लागलं. कॉफी कुठून येते, कप कुठून पडतो, याचा ते मन लावून अभ्यास करू लागले. गप्प राहिलं की चूक मुलीच्या नावावर जात होती आणि अब्रू वाचत होती.

"तिला कशाला बोलताय?" मागून बायकोचा आवाज आला. "यांनीच सांगितलं आठशे. मी शेजारीच होते, हातात भाजी होती. तेव्हा चाळीस झाले होते."

मॅनेजरने जपूनरावांकडे बघितलं, रागाने नव्हे, खरोखरच्या कुतूहलाने. "पण सर, चाळीस होते तर आठशे का सांगितलेत?"

जपूनरावांच्या कानाच्या पाळ्या तापल्या. कॉफीचं मशीन आता काही मदत करणार नव्हतं. "लाज वाटली," ते म्हणाले. "ती मुलगी बरोबर आहे. तिचं काही चुकलं नाही."

सोफ्यावरून कोणीतरी खाकरलं. चष्मा लावलेले एक गृहस्थ जरा बिचकत म्हणाले, "माझे बावीसच झालेत. चालतात ना?"

"बावीस चालतात, दोन चालतात," मॅनेजर म्हणाला. "महिना झाला की आणायची, एवढंच. बघतो, पुसतो, देतो." मग जपूनरावांकडे वळून त्याने उसासा टाकला. "तुमचं अवघड आहे सर. मला पटलं, पण याला पटवता येत नाही. यात एकदा गेलेला आकडा मागे येत नाही. वर कळवायचं, तर त्यांचा माणूस येऊन मीटर तपासणार, त्यात दोन-तीन आठवडे जाणार. तुमचा महिना तर मंगळवारी भरतोय."

"दुसरा काही मार्ग?" बायकोने विचारलं.

"आठशेच्या पुढे नेऊन आणा. मग घेईल तो गुपचूप."

"म्हणजे अजून नव्वद," मुलगी म्हणाली.

महिन्याभरात पहिल्यांदा बायकोचा चेहरा खुलला. "ताईकडे पोचेपर्यंत होतात तेवढे. चला."

"आत्ता? अगं, काही तयारी नाही..."

"डिकीत बॅग आहे. गाडी आली त्याच दिवशी ठेवलीय मी, दुसऱ्या चावीने उघडून. तुमचेही दोन शर्ट आहेत त्यात."

महिनाभर ते गाडी पुसत होते आणि महिनाभर ती बॅग आत बसून होती. डिकी सर्व्हिसिंगनंतर उघडायची असल्यामुळे त्यांना कळायचा प्रश्नच नव्हता. जपूनरावांनी शेवटचा आधार म्हणून मॅनेजरकडे पाहिलं. "पण पहिल्या सर्व्हिसिंगच्या आधी शहराबाहेर न्यायची म्हणजे..."

"सर, चालवूनच आणायची असते," मॅनेजर म्हणाला. "न चालवलेल्या गाडीत आम्ही बघणार काय?"

हायवे लागला तेव्हा जपूनरावांनी स्टिअरिंग दोन्ही हातांनी असं धरलं होतं, जणू ते सुटलं तर पळून जाईल. काटा चाळीसवर. ट्रक हॉर्न वाजवत पुढे जात होते. बस पुढे गेली. मग मागून एक ट्रॅक्टर आला, थोडा वेळ शेजारून चालला, चालवणाऱ्याने आत वाकून काळजीने पाहिलं, आणि तोही पुढे निघून गेला.

"अहो," बायको म्हणाली, "ट्रॅक्टर."

काही गोष्टी माणूस सहन करतो, काही करत नाही. जपूनरावांनी ओठ आवळले आणि पाय दाबला. पन्नास झाले. साठ झाले. ट्रॅक्टर मागे पडला. गाडीची इतक्या दिवसांची गुरगुर थांबली आणि ती मजेत चालायला लागली.

"आवाज बदलला," ते दचकून म्हणाले.

"वाईट?"

त्यांनी कान देऊन ऐकलं. "नाही. चांगला आहे." बरंच अंतर गेल्यावर ते म्हणाले, "मला भीती वाटत होती गं. सर्व्हिसिंगचं आपलं निमित्त."

"माहीत होतं."

"मग बोलली का नाहीस?"

"तुम्ही बोलाल म्हणून थांबले होते," बायको म्हणाली. तिने खिडकीची काच पूर्ण खाली केली आणि वारा आत घेतला. जपूनरावांनी धुळीचं नावही काढलं नाही.

ताईच्या घराखाली त्यांनी गाडी थांबवली आणि इंजिन बंद करायच्या आधीच बायकोचा फोन वाजला. आवाज बाहेर येत होता.

"अगं, इथे खाली एक राखाडी गाडी थांबलीय. उगाच विचारते हं. तुम्ही नाही ना?"

बायकोने पदर तोंडाशी धरला आणि फोन नवऱ्याच्या हातात दिला.

"आम्हीच आहोत, ताई," जपूनराव म्हणाले. मग वर बघून एकदम ओरडले, "जपून! खिडकीतून वाकू नका!"

रविवारी दुपारनंतर त्यांनी ताईला खाली आणलं. एका बाजूने बहीण, दुसऱ्या बाजूने जपूनराव, आणि प्रत्येक पायरीला "जपून, जपून". इतक्या वर्षांत हा शब्द पहिल्यांदाच नेमक्या जागी वापरला जात होता आणि कोणी हसत नव्हतं. ताई मागच्या सीटवर बसली. प्लॅस्टिक करकरलं. ती जरा सरकली, परत करकरलं.

"हे काय आहे?" ती म्हणाली. "गाडी आणलीत की पिशवी?"

जपूनरावांनी दार पूर्ण उघडलं. मग त्यांनी ताईला हळूच उठवून बहिणीच्या आधाराने उभं केलं, खाली वाकले आणि एका बाजूने प्लॅस्टिक ओढायला सुरुवात केली. ते टरटर फाटत गेलं. मागची सीट झाली, पुढच्या झाल्या. आतून फिकट बदामी कापड निघालं, अगदी मऊ. जपूनरावांनी त्यावर एकदा हात फिरवला. सगळं प्लॅस्टिक त्यांनी गोळा करून कचऱ्याच्या डब्यात टाकलं, आणि परत येताना मागे वळून बघितलं नाही, फार तर एकदाच बघितलं.

मग ते गावभर फिरले. ताईला बँक बघायची होती, तिची जुनी शाळा बघायची होती, रंग बदललेलं पोस्ट ऑफिस बघायचं होतं. दोघी बहिणी मागे बसल्या होत्या, काचा खाली होत्या, आणि ताईच्या मांडीवर बिस्किटांचा पुडा उघडा होता. चुरा नव्या सीटवर पडताना जपूनरावांना आरशात स्वच्छ दिसला. "जप..." इथपर्यंत त्यांचं तोंड उघडलं आणि मग त्यांनी ते बंद केलं. मागे दोघी कुठल्यातरी मास्तरांची नक्कल करून हसत होत्या. बायकोला इतकं हसताना त्यांनी कितीतरी दिवसांत पाहिलं नव्हतं. आपण हिला महिनाभर कशापासून अडवून धरलं होतं, ते त्यांना आरशात दिसत होतं, आणि त्यांना मनापासून वाईट वाटलं.

तेवढ्यात फोन वाजला. त्यांनी गाडी कडेला घेऊन फोन घेतला.

"नमस्कार सर, सर्व्हिस सेंटरमधून. उद्या सकाळची वेळ ठेवू ना? आठशे झाले का सर?"

जपूनरावांनी मीटर बघितलं. आठशे केव्हाच होऊन गेले होते. काल हायवेवर की गावात शिरल्यावर, कोण जाणे. बघायचं त्यांच्या लक्षातच राहिलं नव्हतं. उद्या सकाळची वेळ म्हणजे आज संध्याकाळी निघायला हवं. मागे ताई म्हणत होती, "त्या तलावाकडे पण जायचंय मला. पण आज राहू दे, तुम्हाला निघायचं असेल."

"नाही हो," जपूनराव फोनवर म्हणाले, "अजून बाकी आहेत थोडे. उद्या काही होत नाही. मंगळवारी ठेवा."

"नक्की ना सर?" मुलीने जरा संशयाने विचारलं.

"अगदी नक्की. इथे बायको शेजारीच आहे."

फोन ठेवून त्यांनी गाडी तलावाच्या रस्त्याला वळवली. बायको दोन सीटच्या मधून पुढे वाकली, तिने मीटर बघितलं, आणि थोडा वेळ तशीच हाताने त्यांच्या सीटला धरून राहिली.

"आज मात्र चांगलं खोटं बोललात," ती म्हणाली.